तीन ठिपके नसलेली कवळी

सकाळी आठ वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि चिमीच्या डाव्या हातात तिच्या भावाची वरची कवळी होती. चौदा दात, गुलाबी हिरडी, टाळूला चिकटणारा पातळ पापुद्रा. उजव्या हातात ड्रिल होतं, पण गेली सहा मिनिटं ते बंद होतं. कोपऱ्यातला कॉम्प्रेसर मात्र काम नसताना धापा टाकत होता.

चिमी त्रेचाळीस वर्षांची आहे. घरात ती अजून चिमीच आणि कामावर ताई. तिसऱ्या मजल्यावरच्या एका दातांच्या लॅबमध्ये ती सतरा वर्षं कवळ्या बनवते. डेंटिस्ट पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतो. त्यावरून ती प्लास्टरचा जबडा ओतते, मेणात एकेक दात बसवते, मग मेण काढून त्या जागी अ‍ॅक्रिलिक भरते, शिजवते, घासते, चमकवते. लॅबमध्ये माणसं दोनच. पुढच्या टेबलावर मालक, ते दातांवर बसवायच्या धातूच्या टोप्या करतात. मागच्या टेबलावर ती. मालकांना ती सर म्हणते. सतरा वर्षं रोज सकाळी सरांनी "काय ताई, आलात?" एवढंच विचारलं आहे आणि सतरा वर्षं रोज तिने मान खाली घालून हातातलं काम घट्ट धरलं आहे. ओळख वाढली की भीड चेपते, असं लोकांचं होतं. तिचं झालं नाही. म्हणून ती सरांच्या आधी पाऊण तास येते, मागच्या जिन्याने.

त्या सकाळी तिच्या एप्रनच्या खिशात एक बिट होता. ड्रिलच्या टोकाला बसवायचा, मोहरीएवढ्या गोल डोक्याचा. तो तिच्याकडे असायला नको होता. तसलाच दुसरा सरांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात होता आणि तो तिने स्वतःच्या हाताने त्यांना दिला होता. हा खिशातला कोणालाच माहीत नव्हता.

कवळीच्या वरच्या बाजूला, टाळूला टेकते तिथे, मागच्या कडेपासून चार मिलिमीटर आत तीन ठिपके कोरायला नऊ सेकंद लागतात. अकरा वर्षं तिने जवळजवळ प्रत्येक कवळीत ते कोरले होते. ठिपके नसलेली कवळी घालणारा माणूस आठ दिवसांत मरतो, हे तिला जसं आपल्या घराचा जिना किती पायऱ्यांचा आहे हे ठाऊक असावं तसं ठाऊक होतं.

कवळी दादाची होती.

हे कुठून आलं ते सांगायला सत्तावीस वर्षं मागे जावं लागतं. ती सोळा वर्षांची असताना एका सकाळी वडिलांचं मनगटी घड्याळ फळीवर पालथं पडलेलं तिला दिसलं. तिच्या मनात आलं, बाबा आज परत येत नाहीत. ती काही बोलली नाही. दुपारी बाबा कामावरच कोसळले. त्यानंतर घरात तिने कुठलीही वस्तू पालथी राहू दिली नाही. वाट्या, चपला, पुस्तकं, सगळं सुलटं. लोक म्हणाले, पोरीने धसका घेतलाय, होईल ठीक. शाळेतल्या मैत्रिणी एकेक करून गळाल्या. रेडिओवरच्या बातम्यांत मधूनच एखादं वाक्य तिच्यासाठी असायचं. रस्त्यावर दोन अनोळखी माणसं हसली की ती तिच्यावरच हसलेली असायची. लग्नासाठी दोनदा बघायला आलेल्या मंडळींसमोर ती भिंतीकडे तोंड करून बसली. वहिनीने तेव्हा म्हटलं होतं, "भिंतीला पसंत पडलीस तू, अजून काय पाहिजे."

लॅब तिला मानवली. तिथे माणसांची फक्त तोंडं येत होती आणि तीही प्लास्टरची.

मग अकरा वर्षांपूर्वीची ती कवळी. फळीवर ठेवताना तिचा एक सुळा चिमीकडे वळून बघत होता. दोन दिवसांनी कळलं, ती कवळी बसवलेली म्हातारी वारली. वय त्र्याऐंशी होतं, हे चिमीला माहीत होतं. त्याने काही फरक पडला नाही. पुढच्या कवळीत तिने तीन ठिपके कोरले. तो माणूस जगला. त्याच्या पुढचाही.

ठिपक्यांच्या कडा खरखरीत असतात. काहींच्या टाळूला त्या घासायच्या, जखम व्हायची. डेंटिस्ट आपापल्या दवाखान्यात त्या गुळगुळीत करून टाकत आणि विसरून जात. आठ महिन्यांपूर्वी एका डेंटिस्टने तीन पेशंटच्या तीन कवळ्या एकत्र परत पाठवल्या. तिघांना एकाच जागी जखम. सरांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या, भिंग घेतलं आणि एकेक कवळी पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. मग तिच्या टेबलाशी आले.

"ताई, हे तुम्ही केलंत?"

"सर, ते केलं नाही, ते ठेवलंय."

"ठेवलंय म्हणजे?"

"दाराला कडी असते तशी."

सरांना काही कळलं नाही, पण ते तापटही नाहीत. म्हणाले, "हे बघा, तुमच्या हातची कवळी तोंडात गेली की दात हसतात. माणूस हसतो की नाही ते त्याचं त्याने बघावं. पण पेशंटच्या टाळूत भोकं पाडून चालणार नाही. तुमच्या भावाला फोन करतो."

दादा तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. तीस वर्षं बस चालवून नुकताच घरी बसलेला. बाबा गेल्यावर तिला त्यानेच वाढवलं. तो तिला एका मानसोपचाराच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोलीतल्या दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता तिरक्या ठेवल्या होत्या. "हवी ती घ्या," त्या म्हणाल्या. चिमीने दाराजवळची घेतली आणि चार भेटी तीच घेतली.

पहिल्या भेटीत ती एवढंच बोलली, "माझं बोलणं आडवाटेने येतं. सरळ वाटेवर गर्दी असते."

"येऊ दे आडवाटेने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला घाई नाही."

पाचव्या भेटीत त्यांनी नाव सांगितलं. स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार. दादाने ते कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय का?"

"तुम्ही म्हणताय तसा नाही. आजूबाजूचं भान सुटून माणूस कुठल्या कुठे जातो, तसं यांचं झालेलं नाही. त्या आजाराशी याचं नातं आहे, पण हा तो नव्हे. हा ताप नाही, दोन दिवसांत उतरेल असा. ही घडण आहे. ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, त्यांच्यात यांना धागा दिसतो. माणसांची भीती वाटते, आणि ती सवयीने कमी होत नाही. लोक याला आळस म्हणतात, आखडूपणा म्हणतात. तो नाही."

"बरी होईल?"

"एक दिवस उठून सगळं गेलेलं असेल, असं होणार नाही. भीती लहान होऊ शकते. जगणं मोठं होऊ शकतं. वेळ लागेल."

चिमी भिंतीकडे बघत म्हणाली, "ठिपके खोटे आहेत असं तुम्ही म्हणणार."

"मी तसं म्हटलं तर तुम्ही पुढच्या वेळी याल?"

"नाही."

"मग नाही म्हणत. आपण मोजू."

रात्री घ्यायची एक लहान गोळी सुरू झाली. तीन महिन्यांत पाठीमागे कोणीतरी उभं असल्याचा भास आठवड्यातून एकदोनदावर आला. ठिपक्यांवर गोळीचा काही परिणाम झाला नाही. त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी एक वही दिली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे, काय होईल असं वाटतं. उजवीकडे, याला दुसरं काय कारण असू शकतं. उजवी बाजू कितीतरी दिवस कोरी राहिली.

एका भेटीत बाबांचं घड्याळ निघालं. दादा शेजारी बसला होता. तो खाली बघत म्हणाला, "चिमे, बाबांच्या छातीत आधी सहा महिने दुखत होतं. आईला माहीत होतं, मला माहीत होतं. तू लहान म्हणून तुला सांगितलं नव्हतं."

तिने विचारलं, "तुम्ही सांगितलं नव्हतं, तर मला कसं कळलं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात दोन माणसं सहा महिने घाबरलेली असतील, तर तिसऱ्याला न सांगताही भीती पोचते. हे उजव्या बाजूला लिहून बघा. पटलं पाहिजे असं नाही."

तिने लिहिलं. पटलं नाही.

मग मोजणं सुरू झालं. अनोळखी पेशंटची एक कवळी ठिपक्यांशिवाय जाऊ द्यायची. आठव्या दिवशी सर डेंटिस्टला फोन करून विचारणार, पेशंट कसा आहे. ते आठ दिवस चिमी जेवली नाही म्हटलं तरी चालेल. आठव्या दिवशी सर फोन ठेवून म्हणाले, "ठणठणीत आहे. वर तक्रार करतोय, शेंगदाणे चावता येत नाहीत म्हणून." अशा पाच झाल्या. सहावी एका फिरत्या विक्रेत्याची होती. तो पुन्हा दवाखान्यात आलाच नाही, त्याचा फोनही लागेना.

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मेला असा त्याचा अर्थ नाही."

"जिवंत आहे असाही नाही," चिमी म्हणाली.

"बरोबर. आणि अशा किती माणसांबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं, तरी आपण झोपतो."

या मोजण्याच्या क्रमात दादाची कवळी सगळ्यात शेवटी यायची होती, वर्षभराने. पण रक्तातल्या साखरेने त्याच्या हिरड्या पोखरल्या होत्या, वरचे उरलेसुरले दात काढावे लागले. जखमा भरल्या आणि ठसा तिच्या टेबलावर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही सरांना करू दे, इतकी उंच पायरी आत्ता नको. चिमीने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याने केली तर कवळीत काय राहिलं आणि काय नाही, हे तिला कळलंच नसतं. ते जास्त भयंकर होतं.

सरांनी स्वतःचं म्हणणं न लपवता सांगितलं होतं. दादा ज्याच्याकडे जातो तो डेंटिस्टच लॅबला निम्मं काम देतो. त्यानेच त्या तीन कवळ्या परत पाठवल्या होत्या. "आणखी एक ठिपका दिसला तर तो काम बंद करणार. मग ताई, मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मी वाईट वाटून घेईन, पण ठेवणार नाही." तेव्हाच तिने ठिपक्यांचा बिट त्यांच्या हाती दिला होता.

म्हणजे एका बाजूला टेबल, खिडकी, फळीवरचे जबडे, जगात ती बसू शकते अशी एकमेव खुर्ची. दुसऱ्या बाजूला दादा.

आठ वाजून तेवीस मिनिटांनी तिने ड्रिल खाली ठेवलं. खिशातल्या बिटावर बोट ठेवून ती बसून राहिली. फळीवरचे प्लास्टरचे जबडे तिच्याकडे बघत नव्हते, हे तिने दोनदा तपासलं. मग तिने पॉलिशचं चाक सुरू केलं आणि दात, हिरडी, पुढचा भाग चकचकीत केला. मागच्या कडेवर चाक भरकन फिरवून काढून घेतलं. त्या जागेशी हात रेंगाळला तर काय करील याचा तिला भरवसा नव्हता. कड कुठे संपवायची ते दाखवणारी, डेंटिस्टने आखलेली पेन्सिलीची रेघ साच्यावर होती. त्या रेघेकडे तिने पाहिलं नाही.

सर आले. "काय ताई, आलात?"

तिने कवळी त्यांच्यापुढे धरली. सरांनी भिंग लावलं, बोट फिरवलं, पाण्याच्या डबीत टाकून झाकण लावलं.

"शाब्बास," ते म्हणाले. "घाम पुसा."

बारा वाजता डबी गेली. चार वाजता दादाच्या तोंडात कवळी बसली. साडेचारला त्याचा फोन आला. नवे दात, त्यामुळे प्रत्येक शब्दात शीळ वाजत होती. "चिमे, डॉक्टर म्हणतात मागे जरा लांब वाटतेय, दोन दिवस घालून बघा. तुझी वहिनी म्हणते, मी आता निवडणुकीला उभं राहावं."

चिमी हसली नाही. तिने वहीत डावीकडे लिहिलं, दादा जाईल. उजवीकडे काहीच सुचलं नाही.

घरी स्वयंपाकघरात जेवणाचं टेबल आहे, तीन खुर्च्यांचं. सात वाजून चाळीस मिनिटांनी तिघं जेवायला बसली. दादाने सफरचंदाची फोड उचलली. कवळी बसली की सफरचंद खायचं, असं त्याने महिनाभर घोकलं होतं. दोनदा चावली. गिळताना त्याचा चेहरा बदलला. तो खोकला. पुन्हा खोकला. डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली, हात टेबलाची कड शोधायला लागला.

चिमीच्या कानांत कॉम्प्रेसर सुरू झाला. घरात कॉम्प्रेसर नाही. फळीवर पालथं काही आहे का, हे तिने पाहिलं. नव्हतं. म्हणजे कारण तेच. नऊ सेकंदांचं काम होतं आणि तिने ते केलं नव्हतं.

वहिनीने दादाच्या पाठीवर थापा मारल्या. फोड बाहेर पडली. दादाने कवळी काढून वाटीत टाकली आणि धापा टाकत म्हणाला, "थांब, थांब. झालं."

चिमीने वाटी उचलली आणि मोरीत गेली. दार लोटलं. निघताना एप्रनमधून कपड्यांच्या खिशात घेतलेला बिट काढला. ड्रिल नसलं तरी हाताने ओरखडा निघतो. तीन ओरखडे पुरतील. तिने कवळी पालथी केली. सत्तावीस वर्षांत स्वतःच्या हाताने पालथी केलेली ती पहिली घरातली वस्तू असावी. हे तिच्या लक्षातही आलं नाही. बिटाचं टोक जागेवर टेकवलं.

बाहेरून वहिनी म्हणाली, "अगं, पहिल्या दिवशी सगळेच खोकतात. हे तूच सांगतेस ना दुनियेला?"

टोक टेकलेलं होतं. कवळी सरकू नये म्हणून तिने अंगठा मागच्या कडेवर घट्ट दाबला. सतरा वर्षांच्या अंगठ्याला ती कड कळली. जाड होती. पुढे आलेली होती. तिने बिट बेसिनवर ठेवला आणि नख लावून मोजलं. पुन्हा मोजलं. मग दार उघडून बाहेर आली.

"दादा, तोंड उघड."

"आता काय?"

"उघड."

वहिनीने मोबाइलचा दिवा धरला. टाळू संपतो आणि मऊ भाग सुरू होतो, तिथे एक लाल आडवी रेषा उमटली होती. पुस्तकात असावी तशी स्पष्ट.

"कड लांब राहिली," चिमी म्हणाली. "घशाला टोचते. म्हणून उमासा येतो."

"कोणी ठेवली लांब?"

"मी. तिथे घासायला हात नेला नाही. हात नेला असता तर ठिपके केले असते."

दादाने तोंड मिटलं. वरच्या दातांवाचून तोंड एकदम आत गेलं आणि तो बाबांसारखा दिसला. चिमीची नजर हटली नाही. "म्हणजे मी मरत नाहीये?" त्याने विचारलं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "खोकला कडेमुळे आहे. तेवढं माहीत आहे."

"चालेल. तेवढ्यावर निभावतो."

"आठ दिवस आहेत अजून."

"अगं, तीस वर्षं बस चालवली. आठ दिवस म्हणजे किती फेऱ्या?"

"तिला हिशोब नको विचारू आता," वहिनी म्हणाली. "आणि तू ते नको खाऊ. खिमट करून देते." ती सफरचंद घेऊन ओट्याशी गेली. चिमी खुर्चीवर बसली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. भीती गेली नव्हती. ती होती तिथेच होती, छातीच्या मधोमध, हाताने दाखवता येईल अशी. थोड्या वेळाने तिने वही आणली. दुपारी कोरी राहिलेली उजवी बाजू तिने भरली. मागची कड, अंदाजे दीड मिलिमीटर जास्त. माझी चूक. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. खिशात एक बिट होता, सरांना सांगितलं नव्हतं.

मग उठून तिने बेसिनवरचा बिट आणला आणि टेबलावर, दादाच्या पाण्याच्या ग्लासापाशी ठेवला.

"हे काय?" दादाने विचारलं.

"सरांच्या ड्रॉवरमधल्याचा भाऊ. उद्या त्यांना दे. माझ्या हातून नको."

दादाने तो रुमालात गुंडाळला आणि शर्टाच्या खिशात घातला. चिमीने रुमाल खिशात गेलेला पाहिला, खिशाचं बटण लागलेलं पाहिलं, आणि तो श्वास घेतोय का हे जेवण संपेपर्यंत सोळा वेळा पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला दहा वेळा तपासायची मुभा दिली आहे.

उद्या साडेनऊला दादा डेंटिस्टकडे जाईल. डेंटिस्ट कवळीवर पेन्सिलीने नवी रेघ आखेल आणि दादा स्वतः ती साडेदहापर्यंत लॅबमध्ये आणून देईल. मागची कड दीड मिलिमीटर घासायची आहे. ठिपक्यांची जागा तिथून अडीच मिलिमीटर आत राहील. काम चिमीच करणार आहे, पुढच्या टेबलावर, सरांच्या शेजारी बसून.